संभाजीनगरात पोएट्री स्लॅम घेताना: अर्ज, परवानगी, पाट्या आणि तीन मिनिटं

छत्रपती संभाजीनगरात 2 फेब्रुवारी 2025 ला, रविवारी संध्याकाळी, आम्ही मित्रमैत्रिणींनी मिळून पोएट्री स्लॅम घेतला. पाठीशी संस्था नव्हती, प्रायोजक नव्हता, वरपर्यंत ओळखीही नव्हत्या. तेव्हापासून परभणी, लातूर, नांदेड, धाराशिवकडची मुलंमुली विचारताहेत: परवानगी कुठं काढायची, हॉलला किती लागले, पोलीस काय विचारतात, कवी कुठून मिळाले. एकेकाला तुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते. कार्यक्रम करायचं मनात आहे, पण पोलीस ठाण्याची पायरी चढायच्या विचारानं पाय मागं येतो, अशांसाठी हे आहे. माझाही येत होता.

स्लॅम ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर काम करणाऱ्या कवीनं 1984 मध्ये एका बारमध्ये कवितावाचन सुरू केलं. 1986 पासून ग्रीन मिल या क्लबात त्याला आजचं स्पर्धेचं रूप आलं. कवीनं स्वतःची कविता म्हणायची, तीन मिनिटांत. वर दहा सेकंदांची सूट. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही. गुण देणारे पाच जण तिथल्या तिथं प्रेक्षकांतून निवडायचे. प्रत्येकानं शून्य ते दहा गुण द्यायचे, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे जास्तीत जास्त 30. मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये हे आता रुळलेलं आहे. मी तिथं प्रेक्षक म्हणून बसलेली आहे.

मला यातलं सगळ्यात जास्त काय पटलं, तर घड्याळ. आपल्याकडच्या कविसंमेलनात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत असं होत होत नवख्याचं नाव पुकारलं जातं, तोवर मागच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात आणि निवेदक ‘एकच, छोटीशी’ म्हणून बजावतो. मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातून गेलेल्या किती मुलींनी अशी छोटीशी कविता म्हणून पुन्हा माईकला हात लावला नाही, ते मला ठाऊक आहे. स्लॅममध्ये पहिल्यांदा आलेल्या पोरीलाही तीन मिनिटं आणि पुस्तकं छापलेल्या कवीलाही तीनच. एवढ्यासाठी हा खटाटोप करावासा वाटला.

बोलणं ठरलं ते 17 सप्टेंबरला. मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी होती. मी, वकिलीचा अभ्यास करणारी एक मैत्रीण, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकणारा एक मित्र आणि साउंडचं थोडं कळणारा त्याचा भाऊ, असे बसलो. नोव्हेंबरात करू म्हणालो. तेव्हा फार सोपं वाटलं होतं.

पहिली जागा मनात भरली ती निराला बाजारकडच्या एका कॅफेची गच्ची. मालक तयार होता, भाडंही नको म्हणाला, चहा-कॉफी खपली की झालं. पण मैत्रिणीनं ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम काढून वाचले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. गच्चीच्या अगदी जवळ एक दवाखाना होता. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा 50 डेसिबल. इतका आवाज तर चार माणसांच्या बोलण्यालाच होतो. शिवाय उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या या नियमातून सूट असते. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा मोबाइलवर नकाशा उघडून आसपास दवाखाना आहे का ते आधी बघा, सजावट कशी करायची ते नंतर.

सभागृह शोधेपर्यंत 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आमचा कार्यक्रम राजकीय नव्हता, तरी त्या काळात प्रत्येक जमावाचा अर्ज दहा ठिकाणी फिरतो आणि पोलीस दौऱ्या-सभांच्या बंदोबस्तात असतात. मतदान 20 नोव्हेंबरला, निकाल 23 ला. नोव्हेंबर सोडून दिला. त्या रात्री मित्र फार खचला होता, ‘आपल्याकडं हे असंच व्हतंय’ म्हणाला. मला उलट जरा बरं वाटलं, कारण तयारीला वेळ मिळाला.

एका सभागृहवाल्यांनी तोंडी होकार दिला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला पैसे भरायला गेलो तर तीच तारीख दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेली. तोंडी होकारावर पुढचं काहीही छापू नका. आगाऊ रक्कम भरून, तारीख आणि वेळ लिहिलेली पावती हातात आली की मगच तारीख ठरली असं समजा. शेवटी उस्मानपुऱ्याच्या बाजूला एका ट्रस्टचं पावणेदोनशे खुर्च्यांचं सभागृह मिळालं. चार तासांचे 7,500, अनामत 5,000, वीज मीटरप्रमाणे वेगळी, सफाईचे 500. जनरेटर होता. हे विचारायला लाजू नका, कारण वीज गेली की माईक गेला आणि कवीचा वेळ गेला.

तारीख काढणं हे मात्र वेगळंच काम निघालं. जानेवारीचा मध्य नको होता, कारण 14 ला नामविस्तार दिन, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव दिल्याचा दिवस. विद्यापीठाच्या गेटवर त्या दिवशी मराठवाडाभरातून माणसं येतात, पोलीस सगळे तिथं असतात, आणि खरं सांगायचं तर आमचे निम्मे कवीही तिथंच असणार होते. 26 जानेवारीला बंदोबस्त. 11 फेब्रुवारीपासून बारावीची परीक्षा. मधे उरला 2 फेब्रुवारीचा रविवार. त्या दिवशी वसंत पंचमी, लग्नसराई, म्हणून साउंडवाल्यांचे भाव चढलेले. आणि वानखेडेवर भारत-इंग्लंडचा टी-ट्वेंटी सामना, संध्याकाळी सातला सुरू होणारा. यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी वेळ अलीकडं ओढली: साडेचारला दार उघडायचं, पाचला सुरुवात, आठच्या आत संपवायचं. परगावच्या पोरांच्या परतीच्या गाड्यांसाठीही ते बरं पडलं.

आता परवानगी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हद्दीच्या पोलीस ठाण्यात गेलो. तुम्हीही आधी हद्द विचारून घ्या. रस्त्याची एक बाजू एका ठाण्यात आणि दुसरी दुसऱ्यात असं इथं सर्रास असतं. अर्ज पोलीस निरीक्षकांच्या नावानं, दोन प्रतींत. विषय: काव्यवाचनाच्या कार्यक्रमास व ध्वनिक्षेपक वापरास परवानगी मिळणेबाबत. सोबत सभागृहाची पावती आणि संमतीपत्र, दोन आयोजकांची आधारची प्रत, कार्यक्रमाची रूपरेषा, येणाऱ्या माणसांचा अंदाज, सुरू आणि संपायची वेळ, स्वयंसेवकांची नावं आणि मोबाइल नंबर. एक प्रत बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि सही घ्यायची. ही पोच म्हणजे तुमचा सगळा आधार. पुढं प्रत्येक वेळी ‘कोणता अर्ज?’ असं विचारलं की ती दाखवता येते.

लाउडस्पीकर बंद सभागृहात असताना परवानगी कशाला, असं आम्हाला वाटलं होतं. पण शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) आणि (3) खालचे जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघतात आणि पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमायची तर परवानगी हाताशी असलेली बरी. सभागृहवाल्यांनीही पत्र आणल्याशिवाय किल्ली देणार नाही असं आधीच सांगितलं होतं.

अर्ज देऊन आठवडा गेला, काही कळेना. मग ठाण्याच्या गोपनीय शाखेतल्या एका अंमलदारांचा फोन आला. या म्हणाले. मी आणि मैत्रीण गेलो. माझे हात गार पडले होते. त्यांनी अर्ज पुढं ठेवला आणि ‘स्लॅम’वर पेन ठेवून विचारलं, “मॅडम, हे काय म्हणायचं? कुस्ती हाय का डान्स?” मी सांगितलं, कवितेची स्पर्धा आहे, प्रेक्षक गुण देतात. ते म्हणाले, “मंग कविसंमेलन लिहा की.” आम्ही अर्जात ‘कवितावाचन स्पर्धा’ असं लिहून दिलं आणि काम पुढं सरकलं. तुमच्या अर्जात पहिल्यापासून साधे, कार्यालयात चालणारे शब्द घाला. पोस्टरवर हवं ते नाव ठेवता येतं.

त्यानंतरचा प्रश्न जड होता. “कवितांची संहिता जमा करा. सेन्सॉर झालंय का?” महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते. हे मंडळ 1954 पासून आहे आणि आमच्या नाट्यशास्त्रवाल्या मित्राला ती वाट पाठ होती. मैत्रिणीनं शांतपणे मुद्दा मांडला, की हे नाटक नाही. पात्रं नाहीत, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, एकेक कवी स्वतःची कविता म्हणणार आहे. ते तसं लेखी द्या म्हणाले. दिलं. पण कविता आधी गोळा करून द्यायला मी तयार नव्हते. मी स्वतःसुद्धा कुणाची कविता आधी वाचणार नव्हते. एकदा आयोजक कविता चाळायला लागला, की पोरं आयोजकाला आवडेल ते लिहून आणतात, हे मी शाळेच्या स्पर्धांत पुरेपूर पाहिलंय. त्याऐवजी आम्ही एक हमीपत्र दिलं: कोणत्याही जातीधर्माचा किंवा व्यक्तीचा अवमान होणार नाही याची सूचना प्रत्येक सहभागीला लेखी दिली जाईल, वेळ पाळली जाईल, आयोजक पूर्णवेळ हजर राहतील. सहभागींच्या नावांची यादी दिली. आमच्या बाबतीत एवढ्यावर भागलं. ते अंमलदार शेवटी म्हणाले, “मही पोरगी बी लिहिती. इंट्री बंद झाली का?” नोंदणी संपलेली होती, पण ती कार्यक्रमाला आली आणि पहिल्या रांगेत बसली.

हमीपत्र साध्या कागदावर चाललं. स्टँपपेपर आधीच विकत घेऊ नका. ऑक्टोबर 2024 पासून 100 चा स्टँप गेला आणि 500 चा आला. विचारून मगच खर्च करा. पत्र हातात आलं ते 30 जानेवारीला दुपारी. तोवर पोस्टरवर ‘परवानगीच्या अधीन’ असंच ठेवलं होतं. त्या शेवटच्या आठवड्यात झोप नीट लागली नाही, हे सांगायला हवं. पत्र उशिरा येणं हे नेहमीचं आहे असं नंतर नाटकवाल्या मंडळींकडून कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते. पत्रामागं अटींचं एक पान असतं. त्याच्या तीन झेरॉक्स काढा: एक दारावर, एक साउंडवाल्याकडं, एक तुमच्या पिशवीत.

तिकीट 50 रुपये ठेवलं. फुकट ठेवा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण मला ते पटलं नाही. पन्नास रुपये दिलेला माणूस वेळेवर येतो आणि शेवटपर्यंत बसतो. कवींना प्रवेश मोफत. जीएसटीची भीती घातली गेली होती, म्हणून एका सीएला विचारलं. नाटक, संगीत अशा कार्यक्रमांच्या प्रवेशाला माणशी 500 रुपयांपर्यंत कर नाही, आणि मुळात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. तो विषय तिथंच संपला.

नोंदणी गुगल फॉर्मवर घेतली. जागा सोळाच होत्या आणि नावं कितीतरी जास्त आली, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या टाकतानाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. हे जरूर करा. आपल्याकडं निवडीवरून जेवढे रुसवे होतात तेवढे निकालावरूनही होत नाहीत. अठरापेक्षा कमी वयाच्यांकडून पालकांचं संमतीपत्र घेतलं. भाषेची अट घातली नाही: मराठी, मराठवाड्यातली कुठलीही बोली, दख्खनी, हिंदी-उर्दू, बंजाऱ्यांची गोरमाटी, सगळं चालेल. बाहेरगावच्यांचा प्रवासखर्च आम्हाला देता आला नाही, आणि 25 जानेवारीला एसटीची 14.95 टक्के भाडेवाढ झाली. मुलींना अर्ध्या तिकिटाची सवलत होती म्हणून त्या येऊ शकल्या. मुलांनी मात्र पदरचे घातले. पुढच्या वेळी सगळ्यात आधी या खर्चाची सोय करायची आहे.

खरी चर्चा झाली ती नियमांवर, आणि ती मला फार मोलाची वाटते. कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी सगळ्या कवींना ऑनलाइन बसवून नियम समजावले. एका शाहिराच्या घरातल्या मुलानं विचारलं, “ताई, डफ आणू का?” नियमानं नाही. तो गप्प झाला. मग दुसरी म्हणाली, पण आपल्याकडं कविता कधी वाद्याशिवाय होती? पैठण इथून पन्नास किलोमीटर, नाथांचं भारूड एकतारीशिवाय कुणी ऐकलंय? इथल्या मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनात आंबेडकरी जलसे झाले ते ढोलकी-डफाशिवाय? शिकागोचा नियम आपण का पाळायचा? तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी नियम ठेवला, आणि का ठेवला तेही सांगितलं: ज्याच्याकडं वाजवणारा साथीदार नाही, ज्या मुलीला घरून एकटं यावं लागतं, तिचा गळा आणि डफवाल्याचा गळा सारख्याच मापानं मोजला जावा. पण टाळ्या, पाय आपटणं, मांडीवर ताल, हे अंगाचं आहे, ते चालेल. ज्याला डफ नको म्हटलं होतं त्या मुलानं स्टेजवर छातीवर आणि मांडीवर असा ताल धरला, की साउंडवाल्यानं उठून माईक खाली केला.

दुसरा पेच मुशायऱ्याचा. हे वली आणि सिराज या जुन्या उर्दू-दख्खनी शायरांचं शहर. इथल्या श्रोत्याला शेर आवडला की तो ‘मुकर्रर’ म्हणतो आणि शायर तो पुन्हा म्हणतो. ही दाद आहे, ती थांबवणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. पण घड्याळ चालू असतं. शहागंजकडून आलेल्या एका तरुणानं हेच विचारलं: “लोगां बोले तो मैं क्या करूं?” आम्ही ठरवलं की पुन्हा म्हटलेली ओळ वेळेत धरायची, पण टाळ्या-वाहवेनं थांबावं लागलं तर तेवढा वेळ घड्याळ थांबवायचं. घड्याळ माझ्या हातात होतं. त्यानं त्या दिवशी नेमकी तीन वेळा मुकर्रर घेतली आणि तरी वेळेत संपवलं, कारण मूळ गझलच त्यानं तेवढी आखूड करून आणली होती. यापेक्षा चांगली तयारी मी कुणाची पाहिली नाही.

गुणांसाठी औरंगपुऱ्यातून शाळेच्या पाच पाट्या आणि खडू आणले. आकडा मोठा दिसतो, पुसता येतो, बॅटरी लागत नाही. पाच परीक्षक निवडताना दारातच विचारलं: भाग घेणारं कुणी तुमच्या नात्यातलं, वर्गातलं, गल्लीतलं आहे का? ज्यांचं उत्तर नाही, त्यांच्यातून पाच जण उचलले. त्यात एक रिक्षाचालक काका, एक निवृत्त तलाठी, बी.फार्म.ची एक विद्यार्थिनी, एक शिवणकाम करणाऱ्या ताई आणि एक सातवीतला मुलगा होता. काकांनी आधीच सांगितलं, “आपल्याला कवितेतलं काय कळत न्हाई बरं.” तुम्हाला काय वाटलं तेवढा आकडा लिहा, म्हटलं.

सुरुवातीला स्पर्धेत नसलेल्या एका कवीकडून कविता म्हणून घ्यावी लागते, म्हणजे परीक्षकांचा हात बसतो. ते काम नाट्यशास्त्रवाल्या मित्रानं केलं. त्यानंतर चिठ्ठीच्या क्रमानं सोळा जण. रात्र चढेल तसे गुणही चढत जातात, पहिल्यांवर थोडा अन्याय होतो. म्हणून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या सहा जणांचा क्रम उलटा केला. एका उमेदवाराचा हिशेब सांगते, म्हणजे पद्धत कळेल: पाट्यांवर 7.2, 8.0, 6.5, 9.8, 7.9. साडेसहा आणि 9.8 सोडले, बेरीज 23.1. पण त्याला 3 मिनिटं 24 सेकंद लागले होते. सूट सोडून पुढच्या दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापतात, म्हणून एक गुण गेला आणि 22.1 उरले. तो नावाजलेला कवी होता. कापताना सभागृहात एकदम शांतता झाली. त्यानं मात्र मान हलवली आणि खाली येऊन बसला.

मला सगळ्यात जवळची वाटली ती परभणीकडून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी. आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभी होती, कागद हातात होता पण तिनं तो बघितला नाही. कापसाच्या वेचणीवर होती कविता. त्यातल्या दोन ओळी तिच्या परवानगीनं इथं देते:

“मही माय येचणीहून आली की बोटं मोजती,
बोंडं मोजायला तं मालक हाय.”

पहिली ओळ म्हणून ती थांबली. त्या थांबण्यात शिवणकाम करणाऱ्या ताईंनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं, मी बाजूलाच उभी होते. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी ‘मुकर्रर’ म्हणालं. मराठी कवितेला, परभणीच्या बोलीला, मागच्या रांगेतून मुकर्रर. तिला ते काय असतं हे माहीत नव्हतं. ती गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मी पुन्हा म्हण अशी खूण केली. तिचे 3 मिनिटं 2 सेकंद झाले. सातवीतल्या मुलाच्या पाटीवर 10 होते आणि ते नियमाप्रमाणे सोडून द्यावे लागले. ती दुसऱ्या फेरीत गेली, तिसरी आली. पहिला नंबर दख्खनीला गेला, तो योग्यच होता.

आठला दहा मिनिटं कमी असताना संपलं. सत्कार नाही, अध्यक्षीय भाषण नाही. बक्षीस म्हणून पुस्तकं दिली. परगावच्या मुलींना स्टँडवर आणि स्टेशनवर सोडायला स्वयंसेवक आधीच ठरवले होते. हे कार्यक्रमपत्रिकेइतकंच महत्त्वाचं धरा. पालक याच एका गोष्टीवर हो किंवा नाही म्हणतात.

खर्च 18 हजारांच्या आत बसला. सगळ्यात मोठा आकडा हॉलचा, त्याखालोखाल साउंडचा, 5,500. लग्नाची तिथी नसती तर साउंड चार हजारांत आला असता. बॅनर 850, चहा 1,700, पुस्तकं बाराशेची, पाट्या-खडू-झेरॉक्स किरकोळ. तिकिटांतून साधारण सात हजार आले, बाकीचे आम्ही वाटून घातले. साउंडबद्दल एक सांगते: कवितेला मोठे बेस-बॉक्स लागत नाहीत, ते पैसे वाचवा आणि दोन चांगले माईक मागा. ‘एको काढून द्या’ असं स्पष्ट सांगा. लग्नाच्या सवयीनं ते एको लावून ठेवतात आणि शब्द विरघळतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन कार्यक्रम वेळेत आणि शांततेत पार पडल्याचं पत्र दिलं. कुणी मागितलं नव्हतं, पण पुढच्या अर्जाला ते जोडता येईल. अनामत परत मिळायला पंधरवडा लागला. मूळ पावती मागतात, झेरॉक्स चालत नाही, आणि वीजबिल वजा करून चेकनं देतात, म्हणून बँक खातं कुणाच्या नावाचं द्यायचं ते आधीच ठरवा.

लातूरच्या दोघींनी आमचा अर्ज, हमीपत्र आणि नियमांचा कागद नेला आहे. त्यांना मी हॉल आधी, पोस्टर नंतर, एवढंच सांगितलं. परीक्षा आटोपल्यावर आणि पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यात त्यांना करायचं आहे. परभणीची मुलगी तिथं नाव देणार म्हणते. तिच्या तिकिटाचे पैसे यावेळी आम्ही काढून ठेवलेत.